अर्जातील नोंदींची तपासणी आणि असमकालिक गणना
कर्जमाफीच्या अर्जाच्या आधारे एक विवेचन

१. विषयप्रवेश

महाराष्ट्र शासनाने जून २०१७ मध्ये छत्रपती शिवाजी महाराज शेतकरी सन्मान योजना जाहीर केली आणि तिचा लाभ घेऊ इच्छिणाऱ्या प्रत्येक शेतकरी कुटुंबाने ‘आपले सरकार’ या संकेतस्थळावर अर्ज भरावा असे ठरविले. अर्ज स्वीकारण्याची मुदत २२ सप्टेंबर २०१७ रोजी संपली. गावोगावच्या सेवा केंद्रांपुढे रांगा लागल्या. ज्यांनी संगणकाला कधी हात लावला नव्हता अशांची नावे, आधार क्रमांक, खाते क्रमांक आणि कर्जाच्या रकमा त्या चौकटींत भरल्या गेल्या. पुढे ऑक्टोबर महिन्यात लाभार्थींच्या याद्या तयार होऊ लागल्या तेव्हा बँकांकडून आलेली माहिती व अर्जांतील माहिती यांचा मेळ बसेना, आणि एकच आधार क्रमांक अनेक नावांपुढे लागल्याची उदाहरणे वृत्तपत्रांतून प्रसिद्ध झाली.

संगणकशास्त्राच्या अभ्यासकाला या घटनेत एक जुना प्रश्न नव्या स्वरूपात दिसतो. मनुष्याने भरलेली नोंद यंत्राने कोठे तपासावी, केव्हा तपासावी आणि तिच्यावरून होणारी आकडेमोड कोणाच्या शब्दावर प्रमाण मानावी, हा तो प्रश्न होय. संकेतस्थळावरील अर्जाच्या बाबतीत या प्रश्नाला आणखी एक अंग प्राप्त होते. अर्ज भरला जात असतानाच, पान न बदलता, दूरच्या यंत्राला विचारणा करून उत्तर मिळविण्याची सोय आज उपलब्ध आहे. या विचारणेस असमकालिक, म्हणजेच असिंक्रोनस, विनंती असे म्हणतात. कारण विचारणारा उत्तराची वाट पाहत थांबून राहत नाही. प्रस्तुत लेखात या दोन्ही अंगांचा विचार करावयाचा असून, त्यासाठी कर्जमाफीच्या अर्जाचे उदाहरण घेतले आहे. पुढे येणारी गणनेची उदाहरणे विवेचनासाठी रचलेली आहेत. प्रत्यक्ष योजनेच्या संगणक-प्रणालीत ते दोष होते असा त्यांचा अर्थ नव्हे.

२. ग्राह्यता आणि सत्यता

प्रथम दोन संकल्पना वेगळ्या केल्या पाहिजेत. एखादी नोंद अपेक्षित रूपात आहे किंवा नाही हे पाहणे म्हणजे ग्राह्यतेची तपासणी. आणि ती वस्तुस्थितीला धरून आहे किंवा नाही हे पाहणे म्हणजे सत्यतेची तपासणी. आधार क्रमांक बारा अंकी असावा, त्याचा पहिला अंक शून्य किंवा एक नसावा, ही ग्राह्यतेची अट आहे. त्याचा बारावा अंक हा आधीच्या अकरा अंकांवरून वेर्हूफ या डच गणितज्ञाने १९६९ मध्ये मांडलेल्या रीतीने काढलेला असतो. या रीतीचा गुण असा की कोणताही एक अंक चुकला अथवा शेजारचे दोन भिन्न अंक परस्परांच्या जागी गेले, तर चूक हटकून उघडकीस येते. ही तपासणी अर्जदारासमोरील ब्राउझरमध्येच, क्षणार्धात, कोणालाही न विचारता होऊ शकते. परंतु तो क्रमांक त्याच अर्जदाराचा आहे काय, हे मात्र त्या गणिताने कळत नाही. शेजाऱ्याचा क्रमांकही त्या कसोटीस तितकाच उतरेल.

हा भेद केवळ तात्त्विक नाही. सदर योजनेत आजी-माजी आमदार लाभास अपात्र होते. असे असता डिसेंबर २०१७ च्या नागपूर अधिवेशनात कोल्हापूर जिल्ह्यातील एका आमदारांनी, आपल्या खात्यावर योजनेचे २५,००० रुपये जमा झाल्याचे स्वतःच सभागृहात सांगितले. अर्जातील प्रत्येक चौकट रूपाने निर्दोष असूनही तो अर्ज पात्रतेच्या दृष्टीने सदोष असू शकतो, हे यावरून स्पष्ट व्हावे. ग्राह्यतेची तपासणी सत्यतेची जागा घेऊ शकत नाही. ती फक्त सत्यतेच्या तपासणीचा मार्ग मोकळा करते.

३. एक नियम आणि तीन सापळे

कोल्हापूर जिल्ह्यात विकास सेवा संस्थांमार्फत पीककर्ज घेऊन, ऊस कारखान्यास घातल्यावर त्याची परतफेड करणारा शेतकरी मोठ्या संख्येने आहे. अशा नियमित परतफेड करणाऱ्यांसाठी योजनेत एक स्वतंत्र नियम होता. फेडलेल्या कर्जाच्या २५ टक्के अथवा २५,००० रुपये, यांपैकी जी रक्कम कमी असेल ती द्यावी. मात्र ती १५,००० रुपयांहून कमी असू नये. आणि फेडलेले कर्जच १५,००० रुपयांहून कमी असेल तर तेवढीच रक्कम द्यावी. हा नियम गणिताच्या भाषेत मांडला तर चार पायऱ्या होतात. कर्ज १५,००० पर्यंत असल्यास संपूर्ण कर्ज. १५,००० ते ६०,००० असल्यास सरसकट १५,०००. ६०,००० ते १,००,००० असल्यास कर्जाचा चौथा हिस्सा. आणि त्यापुढे २५,०००. सीमेवरील मूल्ये घालून पाहिली असता पायऱ्या एकमेकींशी जुळतात. ६०,००० चा चौथा हिस्सा १५,००० व १,००,००० चा २५,००० होतो. अशी सीमांची चाचणी हा कोणत्याही गणना-विधीच्या परीक्षणाचा पहिला पाठ होय.

नियम इतका सरळ असूनही, अर्जातील चौकटीतून आकडा येताना तीन ठिकाणी घात होऊ शकतो.

पहिला सापळा स्वल्पविरामाचा. आपल्याकडे ऐंशी हजार ही रक्कम ८०,००० अशी लिहिण्याची रीत आहे. जावास्क्रिप्ट या भाषेतील ‘पार्स-इंट’ हे विधान अक्षरे डावीकडून वाचत जाते आणि पहिल्या अपरिचित चिन्हापाशी थांबते. स्वल्पविराम त्याला अपरिचित असल्याने ते ‘८०’ एवढेच वाचते आणि कोणतीही तक्रार न करता पुढे देते. वरील नियमाने या शेतकऱ्यास २०,००० रुपये मिळावयास हवेत. पण वाचलेली रक्कम १५,००० हून कमी असल्यामुळे यंत्र त्याच्या नावापुढे ८० रुपये लिहील.

दुसरा सापळा देवनागरी अंकांचा. मराठी कळफलकावर ‘८०’ लिहिणाऱ्याचे अंक हे इंग्रजी अंकांहून वेगळी चिन्हे आहेत. युनिकोड या संकेतप्रणालीत त्यांना स्वतंत्र स्थाने आहेत. जावास्क्रिप्ट त्यांना अंक मानीत नाही आणि ‘अंकेतर’ असे एक विशेष मूल्य परत देते. या मूल्याचा स्वभाव विलक्षण आहे. ते कोणत्याही संख्येहून लहान, मोठे वा तिच्याएवढे आहे काय असे विचारले तरी उत्तर ‘असत्य’ असेच येते. आता वरील चार पायऱ्या क्रमाने तपासणारा विधी लिहिला असेल, तर ‘१५,००० पर्यंत आहे काय?’ याचे उत्तर नाही, ‘६०,००० पर्यंत?’ नाही, ‘१,००,००० पर्यंत?’ नाही, म्हणून विधी शेवटच्या पायरीवर येतो आणि २५,००० रुपये मंजूर करतो. यंत्राला जे वाचताच आले नाही त्यास सर्वाधिक लाभ, असा विपरीत न्याय येथे घडतो. याउलट, पायथॉन भाषेच्या प्रचलित आवृत्तीस देवनागरी अंक वाचता येतात. ब्राउझरमध्ये एक भाषा व सर्व्हरवर दुसरी असल्यास तीच नोंद एकीकडे अग्राह्य व दुसरीकडे ग्राह्य ठरेल. देवनागरी अंक लिहिणे ही अर्जदाराची चूक मानणे योग्य नव्हे. आलेले अंक प्रथम एकरूप करावेत, स्वल्पविराम व मोकळ्या जागा काढाव्यात, आणि त्यानंतर संपूर्ण मजकूर अंकांचाच उरला आहे ना हे पाहावे. जे वाचता आले नाही त्याबद्दल अनुमान न करता स्पष्ट नकार द्यावा. आणि गणना-विधीची शेवटची पायरी ‘उरलेले सर्व’ अशी न ठेवता तिलाही अट घालावी.

तिसरा सापळा एककाचा. सातबाऱ्यावर क्षेत्र हेक्टर-आरमध्ये असते; बोलण्यात मात्र एकर-गुंठे असतात, आणि चाळीस गुंठ्यांचा एकर होतो. केंद्र शासनाच्या २००८ च्या कर्जमाफीत दोन हेक्टरांपर्यंतच्या शेतकऱ्यास संपूर्ण माफी व त्याहून अधिक क्षेत्र असणाऱ्यास २५ टक्के सवलत, असा भेद होता. चार एकर एकोणचाळीस गुंठे क्षेत्र म्हणजे सुमारे २.०१ हेक्टर, म्हणजे सीमेच्या पलीकडे. हेच क्षेत्र एका चौकटीत ‘४.३९’ असे भरले गेले आणि यंत्राने ते दशांश अपूर्णांक समजून वाचले, तर सुमारे १.७८ हेक्टर होते. म्हणजे सीमेच्या अलीकडे. आकडा ग्राह्य, रूप निर्दोष, आणि निष्कर्ष मात्र सर्वस्वी चुकीचा. यावर उपाय तपासणीत नसून अर्जाच्या रचनेत आहे. एकर व गुंठे यांसाठी दोन वेगळ्या चौकटी ठेवाव्यात आणि गुंठ्यांची चौकट ० ते ३९ च्या पलीकडचा पूर्णांक स्वीकारू नये.

रकमेविषयी आणखी एक सूचना आवश्यक आहे. यंत्र दशांश अपूर्णांक द्विमान पद्धतीत साठविते, त्यामुळे ०.१ आणि ०.२ यांची बेरीज त्याच्या लेखी ०.३ च्या किंचित वर जाते. व्याजाच्या गणनेत असे सूक्ष्म फरक साचत जातात. यासाठी रक्कम रुपयांत न साठविता पैशांत, पूर्णांकरूपाने, साठवावी आणि पूर्णांकन नियमाने ठरविलेल्या एकाच ठिकाणी करावे.

४. असमकालिक विनंती : उत्तराने प्रश्नाचा संदर्भ द्यावा

जावास्क्रिप्ट १९९५ मध्ये अस्तित्वात येण्यापूर्वी अर्जाची प्रत्येक तपासणी सर्व्हरवरच होत असे. अर्ज पाठवावा, संपूर्ण पान परत यावे, चूक कळावी, पुन्हा भरावे, असा तो क्रम होता. १९९९ मध्ये मायक्रोसॉफ्टच्या इंटरनेट एक्स्प्लोररच्या पाचव्या आवृत्तीत पानाला धक्का न लावता सर्व्हरशी बोलण्याची सोय आली, आणि २००५ मध्ये जेसी जेम्स गॅरेट यांनी या पद्धतीस ‘एजॅक्स’ हे नाव दिले. तिची गरज कोठे पडते हेही याच अर्जावरून दिसते. २०१७ च्या योजनेत दीड लाखाची मर्यादा व्यक्तीला नसून कुटुंबाला होती. पतीचे कर्ज विकास सेवा संस्थेचे आणि पत्नीचे राष्ट्रीयीकृत बँकेचे असेल, तर दोहोंची बेरीज अर्जदारासमोरील यंत्रात असत नाही. ती दूरच्या विदासंग्रहालाच विचारावी लागते.

परंतु विचारणा आणि उत्तर यांमध्ये काळ जातो, आणि तो काळ प्रत्येक वेळी सारखा नसतो. गगनबावड्यासारख्या डोंगरी तालुक्यातील सेवा केंद्रावर चालक कर्जाची रक्कम टंकित करीत आहे अशी कल्पना करावी. प्रत्येक अंकागणिक विनंती जात असेल, तर प्रथम ८,००० साठी व नंतर ८०,००० साठी अशा दोन विनंत्या जातील. पहिलीचे उत्तर ८,००० रुपये व दुसरीचे २०,००० रुपये. जाळ्याच्या मंद गतीमुळे दुसरे उत्तर आधी आणि पहिले नंतर पोहोचले, तर चौकटीत ८०,००० आणि तिच्यापुढे लाभ म्हणून ८,००० असे दिसेल. दोन्ही उत्तरे बरोबर, गणना-विधी निर्दोष, तरी पडद्यावरील विधान खोटे. हा दोष जलद जाळ्यावरील प्रयोगशाळेत बहुधा प्रकट होत नाही. म्हणूनच विद्यार्थ्यांच्या प्रकल्पांत तो वारंवार राहून जातो.

याचे उत्तर कोणत्याही सरकारी कचेरीतील आवक-जावक नोंदवहीत पूर्वीपासून आहे. जाणाऱ्या प्रत्येक पत्रास जावक क्रमांक असतो आणि येणाऱ्या उत्तराच्या माथ्यावर ‘संदर्भ : आपले पत्र क्रमांक अमुक’ असे लिहिलेले असते. कारकून उत्तर हाती पडताच ते फाइलला लावीत नाही. कोणत्या पत्राचे ते आहे हे आधी पाहतो. तद्वत् प्रत्येक विनंतीस चढता क्रमांक द्यावा, आलेल्या उत्तराचा क्रमांक अखेरच्या विनंतीच्या क्रमांकाशी ताडून पाहावा, आणि तो जुना असल्यास उत्तर टाकून द्यावे. नवी विनंती पाठविताना जुनी रद्द करण्याची सोयही ब्राउझरमध्ये आज आहे; पण रद्द केल्याने सर्व्हरवरील काम थांबतेच असे नाही, म्हणून क्रमांकाचा ताळा सोडू नये. शिवाय टंकन थांबल्यावर सेकंदाचा एखादा तृतीयांश वाट पाहूनच विचारणा करावी. त्यामुळे निरर्थक विनंत्यांचा भार टळतो.

उत्तर येईपर्यंत पडद्यावर काय दाखवावे हाही गौण प्रश्न नाही. आकडा बदलताच जुने उत्तर पुसले जावे आणि ‘गणना चालू आहे’ असे दिसावे. ठरावीक वेळात उत्तर न आल्यास तसे स्पष्ट सांगावे. शून्य दाखवू नये. ‘लाभ शून्य’ आणि ‘लाभ अद्याप कळलेला नाही’ ही दोन विधाने शेतकऱ्याच्या दृष्टीने अत्यंत भिन्न आहेत.

५. हरवलेली पोच

असमकालिक व्यवहारातील सर्वांत कठीण प्रसंग अर्ज दाखल करतेवेळी येतो. अर्ज सर्व्हरवर पोहोचला, नोंदला गेला, पण त्याची पोच वाटेत हरवली. अर्जदारास काहीच दिसत नाही; तो पुन्हा कळ दाबतो, अथवा दुसऱ्या दिवशी दुसऱ्या केंद्रावर जाऊन पुन्हा अर्ज भरतो. प्रामाणिक मनुष्याचे दोन अर्ज होतात आणि पुढे यादी करताना तोच संशयास पात्र ठरतो. यासाठी अर्ज उघडतानाच त्यास एक अद्वितीय क्रमांक द्यावा आणि त्या क्रमांकाचा अर्ज कितीही वेळा आला तरी नोंद एकच राहील व पोच तीच मिळेल, अशी व्यवस्था करावी. पुनरावृत्तीने परिणाम न बदलणे हा गुण बेरजेच्या यंत्रात आवश्यक नसला, तरी पैशाच्या यंत्रात अपरिहार्य आहे. केंद्र बदलले म्हणजे अर्जाचा क्रमांकही बदलणार. म्हणून आधार क्रमांकावरून जुना अर्ज शोधून तोच पुढे दाखविणेही तितकेच आवश्यक आहे.

मात्र येथे एक पथ्य पाळले पाहिजे. ‘या आधार क्रमांकाचा अर्ज आलेला आहे काय?’ याचे उत्तर देणारी सोय खुली ठेवली, तर कोणीही कोणाचाही क्रमांक घालून शेजाऱ्याच्या कर्जाची वार्ता काढू शकेल. म्हणून अर्जदाराची ओळख पटल्यावाचून असे उत्तर देऊ नये आणि विचारणांच्या संख्येस मर्यादा असावी.

६. प्रमाण कोणाचे?

ब्राउझरमधील तपासणी ही अर्जदाराच्या सोयीसाठी असते. ती संरक्षण नव्हे. ब्राउझर अर्जदाराच्या हाती असतो. तेथील विधी तो बंद करू शकतो, बदलू शकतो, किंवा ब्राउझरला वळसा घालून थेट सर्व्हरकडे हवी ती विनंती पाठवू शकतो. म्हणून प्रत्येक अट सर्व्हरवर पुन्हा तपासली पाहिजे, आणि ब्राउझरने काढलेली लाभाची रक्कम सर्व्हरने कधीही जशीच्या तशी स्वीकारू नये. सर्व्हरने मूळ नोंदी घ्याव्यात, गणना नव्याने करावी, आणि पडद्यावर दाखविलेली रक्कम व नवी रक्कम यांत भेद आढळल्यास अर्ज पुढे न नेता अर्जदारास तो भेद दाखवावा. असमकालिक विनंतीमुळे ब्राउझरला सर्व्हरचे ज्ञान उसने मिळते. सर्व्हरचा अधिकार मिळत नाही.

तपासणी उशिरा झाली तर काय होते याचा अनुभव या जिल्ह्याने घेतलेला आहे. २००८ च्या केंद्रीय कर्जमाफीतील जिल्ह्याची सुमारे ११२ कोटी रुपयांची माफी, मंजूर मर्यादेहून अधिक कर्ज दिले गेले या कारणावरून, काही वर्षांनी अपात्र ठरविण्यात आली आणि तो वाद न्यायालयात गेला. निर्णयाच्या गुणदोषांत शिरण्याचे येथे कारण नाही. परंतु ‘कर्ज मर्यादेत आहे काय?’ ही अट रक्कम खात्यावर जमा होण्यापूर्वी तपासली गेली असती, तर तो प्रश्न एका नोंदीपुरता राहिला असता. नंतर तपासली गेल्यामुळे तो हजारो कुटुंबांचा झाला. त्याच योजनेच्या परीक्षणात भारताच्या नियंत्रक व महालेखापरीक्षकांनी २०१३ मध्ये असे नमूद केले की, तपासलेल्या ९०,५७६ खात्यांपैकी सुमारे २२ टक्के खात्यांत त्रुटी होत्या. आणि लाभ न मिळालेल्या ज्या ९,३३४ खात्यांची छाननी झाली, त्यांतील १,२५७ खाती वस्तुतः पात्र होती. चूक दोन्ही दिशांनी होते. अपात्रास लाभ मिळणे ही जितकी चूक, तितकीच पात्र मनुष्य वगळला जाणे ही; आणि दुसरी चूक सहसा कोणी मोजत नाही, कारण वगळलेल्याचे नाव यादीतच नसते.

७. उपसंहार

डिसेंबर २०१९ मध्ये जाहीर झालेल्या महात्मा जोतीराव फुले शेतकरी कर्जमुक्ती योजनेत शेतकऱ्याकडून अर्ज भरून घेण्याचा मार्गच सोडण्यात आला. बँकांनी आपल्याकडील माहिती संकेतस्थळावर भरली. याद्या फेब्रुवारी २०२० पासून गावांत प्रसिद्ध झाल्या. शेतकऱ्याने सेवा केंद्रावर जाऊन आधारद्वारे आपली ओळख पटवावी, आपल्या नावापुढील रक्कम पाहावी, आणि ती मान्य असल्यासच पुढील व्यवहार व्हावा असे ठरले. रक्कम अमान्य असल्यास तक्रार जिल्हाधिकाऱ्यांच्या अध्यक्षतेखालील समितीकडे जात असे. संगणकीय रचनेच्या दृष्टीने यातील मर्म असे की, ज्याच्याकडे मूळ नोंद आहे त्याच्याकडूनच ती घेतली गेली, गणनेचे फल कृतीपूर्वी संबंधितास दाखविले गेले, आणि ‘हे मला मान्य नाही’ असे म्हणण्यास जागा ठेवली गेली.

यावरून निष्पन्न होणारा नियम थोडक्यात असा मांडता येईल. नोंद जेथे जन्मते तेथेच तिचे रूप तपासावे. जेथे ती कृतीत उतरते तेथे तिची पुन्हा, संपूर्ण आणि स्वतंत्र तपासणी करावी. आणि या दोन ठिकाणांच्या दरम्यान जे प्रश्नोत्तर चालते, त्यातील प्रत्येक उत्तराने आपण कोणत्या प्रश्नाचे उत्तर आहोत हे सांगावे. अर्जाच्या चौकटीत ‘८०,०००’ असे लिहिणाऱ्याने वर्षभर उसाला पाणी पाजून ती रक्कम फेडलेली असते. ती जशी लिहिली आहे तशी वाचता येणे, ही यंत्राची आणि यंत्र रचणाऱ्याची प्राथमिक जबाबदारी होय.